अंगठी आणि हंसपदिकेचे गाणे

शकुंतलेची गोष्ट ठाऊक नसलेले मराठी घर सापडणे कठीण. कुणी ती शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते, कुणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ती गात्या रंगभूमीवर आणल्यापासून तर ती आपल्या घरचीच झाली आहे. या गोष्टीतले काय लक्षात आहे असे विचारले, तर दहांतले नऊ जण एकच वस्तू सांगतील: अंगठी. दुर्वासांचा शाप, राजाला पडलेला विसर, माशाच्या पोटातून निघालेली अंगठी, आणि ती दृष्टीस पडताच एका क्षणात परत आलेली सारी आठवण. हंसपदिकेचे नाव मात्र सहसा कुणी घेणार नाही. माझे म्हणणे असे आहे की, आठवणे आणि विसरणे यांविषयी कालिदासाला जे खरोखर उमगले होते, ते हंसपदिकेपाशी आहे. अंगठी ही नाटकाची सोय आहे.

पाचवा अंक सुरू होतो तेव्हा दुष्यंत शकुंतलेला पुरता विसरलेला आहे. राजवाड्याच्या आतल्या भागातून गाण्याचे सूर येतात. गाणारी हंसपदिका. राजाने एकेकाळी जवळ केलेली आणि मग बाजूला सारलेली स्त्री. गाणे टोमण्याचे आहे. आंब्याच्या मोहोराला विसरून कमळात रमलेल्या भुंग्याला उद्देशून. राजाला टोमणा कळतो, तो हसतो आणि तिची समजूत काढायला विदूषकाला धाडतो. इथवर सगळे दरबारी रीतीप्रमाणे चालले आहे. पण विदूषक गेल्यावर एकटा उरलेला राजा एकाएकी बेचैन होतो. कुणा जिवलगाचा वियोग झालेला नाही, मग हे सूर ऐकून आपले मन असे का हुरहुरते, हे त्याला समजत नाही. अखेर मागल्या जन्मीचे काही स्नेह असतील, अशी तो आपलीच समजूत घालतो. पुढे याच अंकात तो शकुंतलेला भर दरबारात नाकारतो, आणि ती निघून गेल्यावर पुन्हा तीच गत: लग्न तर आठवत नाही, पण काळजात इतके का दुखते?

प्रसंग पुसला गेला आहे आणि त्या प्रसंगाची कळ शिल्लक आहे. रसिक याला काव्य म्हणतील, आणि ते आहेच. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनी जे दाखवून दिले, ते ध्यानात घेतले म्हणजे हा अंक मला आणखीच मोठा वाटू लागतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत सगळे आठवत असताना लोकापवादाला भिऊन नाही म्हणतो. कालिदासाने त्याला विसर बहाल केला तो नायकाचा दोष झाकण्यासाठी, असे टीकाकार म्हणत आले आहेत. म्हणोत बापडे. दोष झाकायला शाप पुरेसा होता. शापानंतर राजाला सुखाने राज्य करू द्यायचे सोडून त्याच्या मनात ती बिननावाची हुरहूर कशासाठी ठेवली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आपल्या चित्रपटांनी कालिदासाकडून अंगठी तेवढी उचलली. नायकाच्या डोक्याला मार बसतो, तो आपले नावगाव विसरतो, घरी आई दिवा लावून वाट पाहते, आणि शेवटच्या रिळात दुसरा मार बसला की सगळे लख्ख आठवते. आमच्या पिढीने असे चित्रपट घरच्यांच्या मांडीवर बसून पाहिले. त्यांतून आठवणीविषयी एक समजूत घराघरांत रुजली: आठवण म्हणजे पेटी, मार बसला की तिला कुलूप लागते, पुन्हा मार बसला की ते निघते.

मी डॉक्टर नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, काम लहान मुलांना शिकवण्याचे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे. पण आठवण हा या दोन्ही धंद्यांचा कच्चा माल, म्हणून या विषयावरचे जे हाती पडेल ते वाचत आलो आहे. त्या वाचनातून ही पेटी पहिल्यांदा मोडली.

खरा अपघात कसा असतो पाहा. आमच्या जालना रोडवर हेल्मेट न घातलेला एखादा तरुण दुचाकीवरून घसरतो आणि डोक्यावर आपटतो. शुद्धीवर आल्यावर तो आपले नाव बरोबर सांगतो, आईला ओळखतो, शाळेतल्या मास्तरांची नावेही सांगेल. त्याला आठवत नाही ते आपण आज कुठे निघालो होतो, ते. “मला काय झाले?” असे तो विचारतो, आई सांगते, पाच मिनिटांनी तो पुन्हा तेच विचारतो. आई घाबरते, की पोराचे डोके फिरले. डोके फिरलेले नसते. मेंदूचे नवी नोंद करून ठेवण्याचे काम थांबलेले असते. पुष्कळदा ते काही तासांत किंवा दिवसांत पूर्ववत होते. मागच्या काळाचा पडलेला विसरही हळूहळू आकसत जातो. पण अपघाताच्या लगतची काही मिनिटे बहुधा कायमची जातात, कारण ती नीट लिहिलीच गेलेली नसतात. जे लिहिलेच नाही, ते कोणती अंगठी परत आणणार? आणि दुसऱ्या माराविषयी काय सांगावे! दुखावलेल्या मेंदूला पुन्हा मार बसणे ही जिवावरची गोष्ट असते.

याची उपपत्ती मी वर्गात मुलांना शाळेच्या ग्रंथालयावरून सांगतो. पुस्तके निरनिराळ्या कपाटांत असतात, आणि कोणते कुठे आहे हे दाखल-नोंदवहीत लिहिलेले असते. मेंदूतही एखाद्या प्रसंगाचे रूप एकीकडे, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे असा सगळा पसारा वेगवेगळ्या भागांत असतो. तो एकत्र बांधून ठेवणारा भाग दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर आहे. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस हे नाव पडले. ही नोंदवही जळाली तर नवे पुस्तक दाखल होत नाही आणि गेल्या वर्षी आलेले सापडत नाही. पण वीस वर्षे जे पुस्तक रोज कुणीतरी मागत आले, त्याची जागा ग्रंथपालाच्या पायांनाच ठाऊक असते. जुनी आठवण टिकते ती बहुतेक अशी. उपमा इथे संपते, कारण ग्रंथालयातले पुस्तक वाचल्याने बदलत नाही. आठवण मात्र दर वेळी काढताना थोडी नव्याने लिहिली जाते. आपल्या लग्नातला कोणताही किस्सा नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळा सांगावा, म्हणजे याचा पुरावा मिळतो.

नोंदवही जळालेला सर्वांत प्रसिद्ध माणूस अमेरिकेतला, हेन्री मोलेसन. अपस्माराचे झटके काही केल्या थांबेनात, म्हणून १९५३ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेने बराचसा काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणे शाबूत राहिले, लहानपणही बरेचसे आठवत राहिले. पण नवे काही टिकेना. २००८ साली ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला, तोवरची पंचावन्न वर्षे त्याने अशी काढली. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाई त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिल्या. त्यांची ओळख त्याला दर वेळी नव्याने करून द्यावी लागे. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. हे काम वाटते तितके सोपे नाही, आपलाही हात उलटाच जातो. तीन दिवसांच्या सरावाने त्याचा हात सफाईने चालू लागला. आणि दर वेळी तो मनापासून सांगे की हे काम आपण यापूर्वी कधी केलेले नाही. हात शिकला होता आणि हाताच्या धन्याला त्याचा पत्ता नव्हता.

हंसपदिकेच्या गाण्याशी अधिक जवळचा पुरावा याहून जुना आहे. जिनीव्हा इथल्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी तो १९११ साली प्रसिद्ध केला. त्यांची एक रुग्ण स्त्री भेटलेले माणूस काही मिनिटांत विसरे. डॉक्टरांनी एके दिवशी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. (आज कुणी असे केले तर त्याला रुग्णालयातून काढून टाकतील, आणि ते योग्यच होईल.) थोड्या वेळाने ती टाचणी विसरली. पण पुढे डॉक्टरांनी हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला. का, असे विचारल्यावर तिला कारण सांगता येईना. कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, एवढेच ती म्हणाली. दुष्यंत मागल्या जन्माकडे बोट दाखवतो, ही बाई लोकांकडे. मनातल्या कळेला कारण सापडेना, म्हणजे माणूस असेच काहीतरी रचून देतो.

पुढे २०१० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हिप्पोकॅम्पस दुखावलेल्या पाच रुग्णांना चित्रपटांतले दुःखी आणि आनंदी तुकडे दाखवण्यात आले. थोड्या वेळाने काय पाहिले हे त्यांना धड सांगता येईना, पण मनातले दुःख तसेच टिकून होते. २०१४ साली हाच प्रयोग अल्झायमरच्या रुग्णांवर केला, तेव्हा तर ज्यांना चित्रपट जितका कमी आठवत होता, त्यांचे दुःख तितके अधिक वेळ टिकले असे आढळले. कारण भावनेचा शिक्का उमटवण्याचे काम बरेचसे मेंदूतल्या वेगळ्याच, बदामाएवढ्या भागाकडे असते. नोंदवही जळाली तरी तो चालू राहू शकतो. आपल्याला कशाचे दुःख झाले हे ज्याला आठवते, तो निदान स्वतःची समजूत तरी घालू शकतो. ज्याला ते आठवत नाही, त्याच्याजवळ दुःख तेवढे उरते.

आमच्या आईचे मामा, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू, त्यांच्या अखेरच्या वर्षांत मी हे जवळून पाहिले. अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या रोगाची पहिली हकिकत डॉक्टरमंडळींपुढे मांडली, तो बहुधा या समुद्रघोड्याच्या आसपासच सुरू होतो. म्हणून माणूस सकाळचे जेवण विसरतो आणि साठ वर्षांपूर्वीचे सांगत बसतो. आप्पांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेले. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाल्यावर त्यांचा सगळा व्यवहार मराठीत चालला, उर्दू मागे पडली. शेवटी मुलांची नावे गेली, नातवंडे गेली, आणि आप्पा उर्दूतून पाढे म्हणू लागले, एकही चूक न करता. डॉक्टर अशा रुग्णाला वार, साल, गाव विचारतात. आमच्या गावाची यात मोठी गंमत आहे. २०२३ सालापासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. तेव्हा एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजींनी “औरंगाबाद” म्हटले, तर गुण कापायचे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवावे लागत असेल. आप्पांच्या वेळी तो प्रश्न नव्हता. त्यांना राज्य कुणाचे असे विचारले की ते हळूच “आला हजरत” म्हणत आणि इकडेतिकडे पाहत.

एके सकाळी त्यांनी चहाची बशी अंगावर सांडली आणि घरातली एक सूनबाई त्यांना फार टाकून बोलली. बिचारीचे दोन दिवसांचे जागरण होते. दहा मिनिटांनी आप्पांना बशीही आठवत नव्हती आणि बोलणेही. दुपारी तीच सून ताट घेऊन आली तेव्हा त्यांनी तोंड फिरवले. ही कोण, हे त्यांना सांगता आले नसते. पण तिच्या हातचा घास त्यांनी घेतला नाही. दुसरीने भरवला तो मुकाट्याने घेतला. घरातले म्हणाले, म्हातारा हट्टी झाला. अशा आजारी माणसासमोर घराघरांत एक वाक्य सर्रास बोलले जाते: “त्यांना काय कळतंय!” माणसाला खोलीत बसवून त्याच्याच देखत त्याच्या औषधाच्या खर्चाचा, त्याच्या अंथरुणाचा, तो आणखी किती दिवस काढील याचा हिशोब होतो. प्रसंग त्याच्याजवळ राहणार नाही, हे खरे. पण ती दुपार आठवली म्हणजे मला ते वाक्य ऐकवत नाही.

आता चित्रपटांकडे पुन्हा वळतो, कारण आपल्या घरांतल्या समजुती हल्ली पुराणापेक्षा पडद्यावरून अधिक येतात. १९८३ सालचा बालू महेंद्र यांचा ‘सदमा’ अजूनही अनेकांना रडवतो. अपघाताने श्रीदेवीची नायिका लहान मुलीसारखी होते, कमल हासनचा नायक तिला जिवापाड सांभाळतो, उपचाराने ती बरी होते आणि मधला सगळा काळ विसरते. आगगाडी सुटते, तो तिच्या ओळखीचे माकडचाळे करीत फलाटावर धावतो, आणि ती त्याला वेडा समजते. दोघांचा अभिनय असा आहे की वैद्यकाची चिकित्सा करणे करंटेपणाचे वाटावे. तरी मला तो शेवट खुपतो. कारण तिच्या चेहऱ्यावर काहीच नाही. इतक्या दिवसांची माया ज्या हातांनी मिळाली ते हात पाहून क्षणभर डोळे अडखळणे, कारण न समजता पाणी येणे, असले काही नाही. दिग्दर्शकाला शोकांत हवा होता, आणि पूर्ण विसर हाच मोठा शोकांत असे त्याला वाटले. कालिदास असता तर त्याने तिला डब्यात नीट बसू दिले नसते. ती गाडी सुटल्यावर खिडकीशी बेचैन झाली असती, आणि का ते तिला कळले नसते. त्याने फलाटावरचे दुःख हलके झाले असते असे मला वाटत नाही.

२००८ सालचा हिंदी ‘गजिनी’ वैद्यकाच्या बाबतीत बराच शहाणा. त्याच्या नायकाला पंधरा मिनिटांपलीकडचे टिकत नाही. जुनी ओळख पुसण्याऐवजी नवी नोंद बंद पडते, हे त्यात बरोबर दाखवले आहे. पण तिथे नायकाचा राग त्याच्या अंगावर गोंदलेला असतो. रोज सकाळी तो वाचतो आणि रोज नव्याने संतापतो. गोंदण नसते तर राग नसता, असे चित्रपट धरून चालतो. क्लापारेदच्या त्या बाईच्या हातावर काही गोंदलेले नव्हते. हाणामारीच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल, म्हणून इथेच सोडतो.

हे गाणे पुन्हा ऐकू आले ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये. चित्रपट २०१३ सालचा. त्याच्या संवादांसाठी भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रगृहांत तो २०१६ साली आला, आणि आला तसा गेला; आमच्याकडे एवढे मोठे शहर असून तो पाहिलेली माणसे मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. गोष्ट साधी आहे. चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे नामांकित पंडित, आता अल्झायमरने घेरलेले. थोरली मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून खरेदीला उतरते. रस्त्यावर हत्ती दिसतो. शास्त्रीबुवा लहान मुलासारखे हरखून जातात आणि हत्तीमागे चालू लागतात. मुलगी शोधत राहते आणि ते माहुताच्या पालावर पोचतात.

डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. रोगाची लक्षणे त्यांना ठाऊक असणार यात नवल नाही, पण त्यांनी लक्षणांचे प्रदर्शन मांडले नाही याचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे नटाला म्हातारपण दिले की तो हात थरथरवतो आणि आवाज घोगरा करतो. आगाशे चेहरा कोरा करतात, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर मधूनच कुतूहल उमटते, बाळाच्या डोळ्यांत उमटते तसे. मुखोद्गत संस्कृत ओठांवर येते, कारण ते आयुष्यभर घोटलेले आहे; समोरचे माणूस मात्र ओळखू येत नाही. विद्वत्ता आणि ओळख मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी राहतात, हे एकही वैद्यकीय वाक्य न बोलता कळते.

माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी, निरक्षर, कडेवर मूल. तिला या म्हाताऱ्याची भाषा धड येत नाही आणि त्याची कीर्ती तर ठाऊकच नाही. ती त्याला खाऊ घालते, पुसते, निजवते. तो तिला आई म्हणू लागतो. जिची ओळख कालपर्यंत नव्हती आणि उद्या राहणार नाही, तिच्याजवळ तो निर्धास्त होतो. चन्नम्माचा हात मायेचा आहे हे कळायला नोंदवही लागत नाही. हंसपदिकेच्या गाण्याने राजाला अस्वस्थ केले. इथे तीच शक्ती म्हाताऱ्याला स्वस्थ करते. हा उजवा अंग कालिदासाने दाखवला नव्हता. ‘अस्तु’ने ही जी भर घातली, तिच्यासाठी मी तो आपल्या चांगल्या चित्रपटांत धरतो.

दोष नाहीत असे नाही. शास्त्रीबुवांच्या तोंडी तत्त्वज्ञान जरा जास्त आहे. जे चेहऱ्यावर दिसते तेच पुन्हा वचनांतून सांगण्याचा मोह आवरला असता तर बरे झाले असते. ‘अस्तु’ या नावातला स्वीकारही प्रेक्षकाला थोडा लवकर हातात दिला जातो. या बाबतीत मला अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ अधिक संयमी वाटला. तो २०२३ साली चित्रगृहांत आला. भाषा हिंदी, पण माती कोकणची. मुंबईच्या कुटुंब न्यायालयात नोकरी करणारी शैलजा, आठवण जाऊ लागली आहे हे कळल्यावर, नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, जिथे तिच्या लहानपणीची काही वर्षे गेली. शेफाली शाह यांनी ती मोठ्याने काही न सांगता उभी केली आहे. पण तिचा आजार सुरुवातीचा आहे. ती अजून स्वतःची गोष्ट स्वतः सांगू शकते. ‘अस्तु’ला जो अवघड टप्पा पेलायचा होता, तो तिच्या वाट्याला चित्रपट संपेपर्यंत येत नाही.

माझी खरी तक्रार इराविषयी आहे, आणि ती इरावती हर्षे यांच्या कामाविषयी नाही. ते उत्तमच आहे. शोधाच्या त्या वेळात इरा आतून फाटलेली दिसते. ज्याला आपण आपली मुलगी आहोत हे ठाऊक नाही, तो अजून आपला बाप आहे काय, हा तिचा प्रश्न आहे. चित्रपट तिच्याकडे दयेने पाहतो. पण पारडे चन्नम्माकडे झुकते, आणि प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, पाहा, शिकलेल्या मुलीला जमले नाही ते अडाणी बाईला जमले. हा हिशोब मला पटत नाही. चन्नम्माला त्या म्हाताऱ्याचे आठवण्यासारखे काही नाहीच. तो सभा गाजवताना तिने पाहिलेला नाही, त्याने तिला बोट धरून अक्षरे शिकवलेली नाहीत. तिच्यासमोर जो आहे, तो पहिल्यापासून असाच आहे. इराच्या समोर मात्र सदैव दोन माणसे बसलेली असतात, आणि त्यांतल्या एकाला अंघोळ घालताना तिला दुसरा दिसतो. बापाची आठवण जात असता मुलीची जात नाही; उलट दोघांची मिळून ती एकटीच वाहते. शिवाय चन्नम्माचे सांभाळणे थोड्या वेळाचे आहे आणि इराचे वर्षांचे. आप्पांच्या घरातल्या त्या सुनेने एका सकाळी तोंड सोडले, पण त्या घरात त्यांचे अंथरूण तीन वर्षे तिनेच बदलले होते, आणि आप्पांच्या हिशोबात, दुर्दैवाने, त्या दुपारी तेवढी सकाळच जमा होती. संध्याकाळी तिने त्यांच्या पायांना तेल चोळले तेव्हा त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत.